मुराळ्याची टूरिंग गाडी

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. नियम एकच. यात फक्त गाडी आणि टूर. घरगुती कटकटी लिहायच्या नाहीत.

निर्णय झाला. नेकेड गाडी विकायची आणि टूरिंगची घ्यायची. नेकेड म्हणजे जिला पुढे काच नाही, अंगावर कवच नाही, इंजिन उघडं. शहाद्यात दुकान ते घर फिरायला ठीक आहे. पण ऐंशीच्या वर गेलं की वारा सरळ छातीवर येतो आणि माणसाला विचार करता येत नाही. मी विचार करणारा रायडर आहे.

ध्येय : जूनमध्ये लडाख. वय शेहेचाळीस. वीस वर्षं ठिबकच्या नळ्या विकल्या. आता बस.

त्याआधी एक ट्रायल टूर हवी. ती आयती चालून आली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकट्या बहिणीला, कामिनीला, आणायला नवापूरला जायचं आहे. सासरी गेलेल्या मुलीला सणाला माहेरी आणायला बाप नाहीतर भाऊ जातो, तो मुराळी. आठ वर्षं आप्पा जात होते. श्रावणात आप्पा वारले, म्हणजे यंदा मुराळी मी. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. हिशेबाने ती टूरच झाली.

आप्पा एसटीने जायचे. आखाजी सोडूनही वर्षातून दोन-तीनदा, कारण नसताना, एखाद्या मंगळवारी उठून नवापूरवरून जाणाऱ्या सुरत गाडीत बसायचे आणि कामिनीला चार-आठ दिवस घेऊन यायचे. त्यांना प्रवासाची आवड होती. तीच माझ्यात उतरली आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरात सांगितलं. नेकेड गाडी विकतोय. आईने मान वर केली. विचारलं, ‘नागडी गाडी? आन तू इतला दिन तिन्हावर बसी गावमा फिरे?’ इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ वेगळा, हे समजावलं. तिला तो पटला नाही. दुपारी शेजारच्या रंजनाबाईंनाही सांगून झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझी गाडी नागडी.

बायकोचं, प्रतिभाचं, म्हणणं असं की गाडी चांगली चालते, तीच घेऊन जा, आणि आखाजीपर्यंत थांबायची गरज नाही, या आठवड्यातच जा. कामिनीचे तिला दोन फोन आले होते. काय म्हणाली विचारलं, तर म्हणे फोनवर सगळं सांगता येत नाही. प्रतिभाला प्रत्येक गोष्टीची घाई असते. टूर घाईत होत नाही, हे तिला हळूहळू कळेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नेकेड गेली. धीरजने घेतली. धीरज म्हणजे बस स्टँडमागचा गॅरेजवाला. आमचा ‘सातपुडा टूरर्स’ ग्रुप आहे, त्यात तिघे. मी, धीरज आणि दोंडाईचाचा एक हेल्मेट विकणारा.

जाताना थोडं वाईट वाटलं. आप्पा आणि कामिनी एसटीने उतरले की स्टँडवरून घरी मी याच गाडीवर आणायचो, आधी आप्पा, मग कामिनी. कामिनी मांडीवर पिशवी घेऊन मागे बसायची आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. पोहोचली की मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहायची. एसटीची धूळ.

असो. भावनेत अडकायचं नाही. रायडरने पुढे बघायचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कामिनीचा फोन, भर दुपारी. फार हळू बोलत होती. नवापूरला नेटवर्क वाईट. म्हणाली, ‘भाऊ, होळीले ई जाय ना.’ तिला सांगितलं की जुनी विकली, नवी अजून आली नाही, आणि मधल्या काळात माझ्याकडे वाहनच नाही. ती म्हणाली, एसटी तर आहे. मी हसलो. ट्रायल टूर एसटीने कशी करणार?

मग तिला विंडशील्डचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. घरात माझं ऐकून घेणारी तीच एक आहे.

८ मार्च, शनिवार. दुपारी १

आली. काळीकरडी, पुढे उंच काच, वीस लिटरची टाकी, नाक वर केलेलं. दुकानासमोर उभी केली आणि स्टँडवरची माणसं बघायला आली.

सीटची उंची आठशे पस्तीस मिलिमीटर. माझी पाच फूट चार. पाय चवड्यांवर टेकतात, दोन्ही एकदम नाही, एकेक. दुकानासमोर वळवताना गाडीने स्वतःचं वजन दाखवलं. धुळ्याच्या बसची वाट बघणाऱ्या तिघांनी उचलायला मदत केली. ओरखडा फक्त इंडिकेटरला. प्रत्येक टूररला पहिला ओरखडा लागतोच.

संकल्प : जाड तळाचे बूट. रोज सकाळी पिंडऱ्यांचा व्यायाम.

आईने नारळ फोडला. नंतर गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं, ‘पोरले आननं शे, का गाडीले फिरावनं शे?’ दोन्ही, असं उत्तर दिलं.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

नवीन गाडी पहिले पाचशे किलोमीटर साठच्या वर न्यायची नाही. इंजिन बसतं. त्यामुळे होळीला नवापूर शक्यच नव्हतं. हे मी कुणालाही तोंडावर सांगू शकतो.

कामिनी प्रतिभाशी बोलली. मोरीत घसरून पडली म्हणे, डावा हात सुजला आहे. गेल्या दिवाळीत पण मोरीतच पडली होती. दिनेशरावांना सांगून तिथली फरशी खरबरीत करून घ्यायला हवी. दिनेशराव म्हणजे कामिनीचे मिस्टर, कोंबडीखाद्याचं दुकान आहे, सभ्य माणूस, कमी बोलतात. मी प्रतिभाला म्हटलं, रायडिंगचे एल्बो गार्ड घरातही घालायला हरकत नाही. माझ्याकडे जास्तीचा जोड आहे, नेईन.

प्रतिभा पुरणाचं ताट न वाढता आत गेली. माझं मी वाढून घेतलं.

पिंडऱ्यांचा व्यायाम सोमवारपासून.

२३ मार्च, रविवार

पाचशे किलोमीटर पूर्ण! शहादा ते प्रकाशा, तापीचा पूल, परत शहादा. एक फेरी सव्वीस किलोमीटर. वीस फेऱ्या. पुलावरच्या पेरूवाल्याने शेवटी विचारलंच की तुमचं काय हरवलंय का.

प्रतिभाने हिशेब काढला. वीस फेऱ्या म्हणजे पाचशे वीस किलोमीटर, म्हणजे एवढ्यात नवापूरला दोन वेळा जाऊन येऊन वर तिसऱ्यांदा पोहोचला असतास. गणित बरोबर आहे. पण तिला रन-इन, म्हणजे नवं इंजिन बसवणं, कळत नाही. रन-इनमध्ये अंतर महत्त्वाचं, ठिकाण नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

पॅनिअर बसवले. पॅनिअर म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना लटकणारे ॲल्युमिनियमचे डबे. कुलूप आहे, पाणी आत जात नाही. धीरजने स्वतः बसवून दिले.

कामिनीला फोन करून सांगितलं की आता सामानाची चिंता नको, लागेल तेवढं घे. तिने विचारलं, ‘त्यामा मन्ही हातमशीन बसी का?’ आप्पांनी लग्नात दिलेली शिलाईची हातमशीन. मी म्हटलं, आरामात. नंतर वाटलं, आठ दिवसांच्या आखाजीला शिलाई मशीन कशाला? बायकांना सामान कमी घेऊन प्रवास करता येत नाही. शाळेचे दाखलेही आणते म्हणाली. तेही घे म्हटलं, डबे वॉटरप्रूफ आहेत.

फोन ठेवताना म्हणाली, ‘भाऊ, यंदा नक्की येशी ना?’ आवाज नेहमीसारखा नव्हता. तिलाही टूरची उत्सुकता लागलेली दिसते.

७ एप्रिल, सोमवार

मोठी सुधारणा. टूरिंगचे जेवढे व्हिडिओ पाहिले त्या सगळ्यांत जाणकार लोक मागची सीट काढून तिथे लोखंडी रॅक लावतात. वजन मध्यावर येतं. वर टॉप बॉक्स. एकट्या रायडरला मागची सीट म्हणजे नुसता बोजा.

धीरजने स्क्रू खोलता खोलता विचारलं, ‘भाऊ, मांगे कोन बसनार नही का?’ मी म्हटलं, लडाखला मागे कोण बसणार? त्याला पटलं. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. गोणपाटात गुंडाळून त्याच्याच माळ्यावर ठेवली.

आता गाडी मागून बघितली की खरी वाटते.

१६ एप्रिल, बुधवार

ठरलं होतं अठराला निघायचं. पण पंचाहत्तरला काच थरथरते. कारण शोधल्याशिवाय निघणं बेजबाबदारपणा. आता चोवीस.

आईने अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधून घेतला. आखाजीला गल्लीतल्या सासुरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणतात. आई वाळवण राखत ओट्यावर बसते आणि रस्त्याकडे बघते. रंजनाबाईंना म्हणाली ते मला ऐकू आलं. ‘यान्हा आप्पा कधी रिकामा उना नही.’ म्हणजे पोरीला न घेता कधी परतले नाहीत.

यात माझा काय संबंध? मी अजून गेलोच नाही.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळी ९

निघालो नाही. फॉग लाईट रात्रभर चालू राहिले, बॅटरी उतरली. हे टूरच्या मध्ये झालं असतं तर? देवाने वाचवलं.

धीरज म्हणाला, तुमची जुनी गाडी इथेच उभी आहे, हवा भरलेली, पेट्रोल आहे, आत्ता जा आणि ताईला घेऊन संध्याकाळपर्यंत या. तो चांगला माणूस आहे, पण त्याचा दृष्टिकोन गॅरेजचा आहे. नेकेडवर टूर करायची असती तर मी एवढं सगळं कशाला केलं असतं?

प्रतिभाने फोन करून कामिनीला कळवलं, आता रविवारी. मला फक्त एवढंच म्हणाली की तिने तिकडे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, माझा भाऊ येतोय. ‘सांगून ठेवलंय’ हे दोनदा म्हणाली.

२७ एप्रिल, रविवार. ट्रायल टूर

६.०० निघायची वेळ.

७.५० निघालो. जॅकेट, नी गार्ड, बूट, ग्लोव्हज. आईने ओवाळलं. कामिनीच्या सासूसाठी सांजोऱ्यांचा डबा दिला, तो टॉप बॉक्समध्ये. हातात आप्पांची कापडी पिशवीही देत होती. जागा असूनही घेतली नाही. लूक बिघडतो.

८.१५ प्रकाशा. पुलावर फोटो. पेरूवाल्याने हात केला.

९.३० नंदुरबार. चहा. एकाने विचारलं, कुठून आलात? शहादा म्हटल्यावर तो निघून गेला.

११.१० खांडबारा. जॅकेटच्या आत घामाचं पाणी. चक्कर. झाडाखाली पाऊण तास. उसाचा रस दोन ग्लास. टूरमध्ये शरीराचं ऐकायचं असतं.

१२.४० विसरवाडी. चेनला तेल. गरज नव्हती, पण शिस्त.

१.५५ नवापूर. कामिनी दारात उभी. सकाळपासून तिथेच होती असं शेजारच्या नानीबाई म्हणाल्या. त्या पोल्ट्रीत कामाला जातात. इस्त्रीचं पातळ, केसांना तेल, पायाशी एक बॅग आणि पोत्यात बांधलेली मशीन. हातावर पदर ओढलेला. वाळली आहे. मला बघून हसली. एवढी हसलेली मी तिला लग्नानंतर पाहिली नाही.

पुढचं लिहायचं की नाही ठरत नाही. पण गाडीशी संबंधित आहे, म्हणून लिहितो.

दिनेशराव बाहेर आले. त्यांनी गाडीचं कौतुक केलं, ॲव्हरेज विचारलं. पाणी झालं. कामिनीने बॅग उचलली आणि गाडीच्या मागे गेली. मग त्या बाजूने फिरून या बाजूला आली. टॉप बॉक्सवर हात ठेवला. विचारलं,

‘भाऊ, मी कोठे बसू?’

मी रॅककडे पाहिलं. रॅकमुळे वजन मध्यावर येतं, हे तिला सांगायला तोंड उघडलं होतं. नाही सांगितलं.

शप्पथ, मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. अडीच महिने मी नवापूरला जायचं ठरवत होतो. परत यायचं कधी ठरवलंच नाही.

दिनेशराव हसले. त्यांची आई ओट्यावरून हसली. मी म्हटलं, कामिनी एसटीने येईल, मी मागोमाग. दिनेशराव शांतपणे म्हणाले, एकटी पाठवायची असेल तर मुराळी कशाला हवा, आमच्यात अशी पाठवत नाहीत, नीट वाहन आणा आणि घेऊन जा.

कामिनी माझ्याजवळ आली. माझी बाही धरली. अगदी हळू म्हणाली, ‘गाडी आठेच राहू दे. आपन यष्टीमा जाऊत. आत्तेच.’

मी गाडीकडे पाहिलं. नवी गाडी, डबे लावलेले, परक्या दारात आठ-दहा दिवस. ओरखडे पडतील. कोणी आरसा काढेल. मी तिला म्हटलं, वेडी आहेस का, तीन दिवसांत सीट लावून येतो, आखाजीच्या आत.

तिने बाही सोडली. बॅग आत नेली. मशीन न्यायला परत बाहेर आली, तेव्हा नानीबाईंनी एका बाजूने धरली. कोणी मला जेवायला थांब म्हटलं नाही.

६.३० शहादा. परतीचा वेळ चांगला. ॲव्हरेज अडतीस. काच थरथरली नाही.

२८ एप्रिल, सोमवार

आई काल ओट्यावर होती. गाडीचा आवाज ऐकून उठली, फाटकापर्यंत आली. माझ्या मागे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं, मागून कोणी येतंय का. मी सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती की नाही माहीत नाही. रात्री जेवली नाही. सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.

सांजोऱ्यांचा डबा टॉप बॉक्समध्येच राहून गेला. खडबडीत रस्त्याने पीठ झालं.

धीरजचं गॅरेज बंद. लग्नाला सेंधव्याला गेला. सीट त्याच्या माळ्यावर. गुरुवारी येणार. यात माझा काही दोष नाही, कोणालाही विचारा.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

आप्पांच्या नावाची पहिली घागर आज भरली. नवी घागर, पाणी, वर खरबूज. घागर लेकीने आणि सुनेने मिळून भरायची, असं आईच्या मनात होतं. प्रतिभाने एकटीने भरली. आमरस, खापरावरची पुरणपोळी. आईने घास घेतला आणि ताटावरून उठली.

झोका रिकामा. गल्लीतल्या मुली दुसऱ्याच्या अंगणात बसल्या.

कामिनीचा फोन रविवारपासून बंद. प्रतिभा म्हणते, तू एसटीने जा, नाहीतर मी जाते. म्हटलं, उद्या धीरज येतोय. एका दिवसाने काय होणार आहे? सणाच्या दिवशी एसटीला गर्दी असते.

१ मे, गुरुवार. सकाळी १०.३०

नानीबाईंचा फोन आला. प्रतिभाच्या नंबरवर.

रविवारी, मी निघाल्यावर तासाभराने दिनेशने कामिनीला मारलं. दिनेशराव लिहायचं नाही आता. डावा हात दोन ठिकाणी मोडला. तोच हात. कानातून रक्त. नानीबाई भिंतीवरून चढून आत गेल्या आणि तिला ओढून काढलं. सरकारी दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं, तिथे पोलिसांनी लिहून घेतलं. तेव्हापासून ती नानीबाईंच्या खोलीत आहे. घरचा नंबर देत नव्हती. काल रात्री दिला.

मारताना तो काय म्हणत होता तेही नानीबाईंनी सांगितलं. तुझा मुराळीसुद्धा तुला सोडून रिकामा गेला, आता कोण येणार आहे?

मी हे लिहून ठेवतो. आप्पांना एसटीची आवड नव्हती. आप्पांना बस लागायची. ते खिडकीपाशी लिंबू घेऊन बसायचे. मला हे माहीत होतं. मोरीतली फरशी गुळगुळीत नव्हती, मी त्या मोरीत हातपाय धुतले आहेत. मशीन कशाला हवी, हेही मला कळलं असतं, एक मिनिट विचार केला असता तर. मी तिला तिथे ठेवून आलो. तिने माझी बाही धरली होती आणि मी गाडीला ओरखडे पडतील म्हणून तिला ठेवून आलो.

११.१५

आईने आप्पांची कापडी पिशवी काढली. त्यात लिंबू, पाण्याची बाटली, एक पातळ. चप्पल घातली आणि निघाली. अडुसष्ट वय, गुडघे गेलेले. प्रतिभा स्टँडपर्यंत सोबत गेली. मी म्हटलं, थांब, धीरज आलाय, सीट लावतो, तुझ्या आधी पोहोचतो. ती थांबली नाही. आई किंवा भावजय मुराळी म्हणून गेल्याचं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. माझ्या दुकानासमोरूनच सुरत गाडी सुटली. आई खिडकीत होती. मी तिच्या शेजारी बसू शकलो असतो. जागा होती.

४.००

रॅकचा एक बोल्ट गंजल्यासारखा बसलाय. निघत नाही. धीरज नुसता पाना मारतोय.

२ मे, शुक्रवार. दुपारी ४

पहाटे सीट बसली. ५.२० ला निघालो. जॅकेट घातलं नाही. कुठे थांबलो नाही. ७.४५ नवापूर. आजवरची माझी सर्वांत वेगवान टूर.

नानीबाईंच्या दाराला कुलूप. शेजारचे म्हणाले, तिघी स्टँडला गेल्या.

बाकावर आई, मध्ये कामिनी, पलीकडे नानीबाई. नानीबाईंच्या मांडीवर मशीन. कामिनीचा हात गळ्यात बांधलेला, एक डोळा सुजून मिटलेला. मी गाडी त्यांच्यासमोर लावली. मागची सीट त्यांच्या बाजूला येईल अशी.

कामिनीने पाहिलं. म्हणाली, ‘चांगली शे.’ एवढंच. रागाने नाही. मी तिला पूर्वी विंडशील्डचं सांगायचो, तेव्हा ती असंच म्हणायची.

एक हात गळ्यात असताना एवढ्या उंच गाडीवर कोणी चढू शकत नाही, हे मलाही दिसत होतं. मी म्हटलं, निदान मशीन तरी दे. नानीबाईंनी दिली. पॅनिअर उघडला. उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली. हँडल काढूनही पाहिली. अर्ध्या इंचाने बसत नाही. दुसऱ्या डब्यात पण तेवढंच. स्टँडवरचे लोक बघत होते. नानीबाईंनी मशीन माझ्या हातातून घेतली आणि गाडी लागल्यावर आईच्या सीटखाली ठेवून दिली. उतरताना कामिनीच्या तोंडावरून हात फिरवला. कामिनी तेव्हा रडली.

शंभर किलोमीटर मी बसच्या मागे होतो. बस थांबली की थांबायचो. मागच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं, आईच्या खांद्यावर. खांडबाऱ्याला मी पुढे गेलो, म्हणजे तिला खिडकीतून दिसेन. तिने डोळे मिटले होते.

शहाद्याला आई आधी उतरली. माझ्या गाडीसमोरून गेली. रविवारपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. ‘ती नागडी व्हती, पन तिले मांगे सीट व्हती.’ मग त्यांना घ्यायला आलेल्या प्रतिभाने रिक्षा बोलावली आणि त्या घरी गेल्या.

आता आतून मशीनचा आवाज येतोय. कामिनी उजव्या हाताने हँडल फिरवून बघतेय, वाटेत काही मोडलं नाही ना. कापड लावलेलं नाही. कापड धरायला दुसरा हात लागतो.

मी बाहेर गाडी पुसतोय. मागच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच आहे. कोणी बसलं की काढीन.